हातातली पिशवी ठेवून परत आले

हिंगोलीला जाऊन आले म्हटल्यावर कराडात सगळ्यांनी एकच विचारलं, "औंढ्या नागनाथाला का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तिथे कोण आहे तुमचं?" कोणी नव्हतं. मी पिशव्या बघायला गेले होते. हे उत्तर कोणाला पटत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

कराडला माझं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे. दोरे, बटणं, अस्तर, लेस. आणि एका बाजूला बटवे, पिशव्या. दिवाळीनंतर मोबाइलवरच्या बाजारातून मी एक बंजारा भरतकामाची पिशवी मागवली. फोटोत होती लाल, काठाला कवड्या लावलेली. आली ती गडद निळी, आरसे जवळजवळ दुप्पट, टाका कितीतरी बारीक. फोटोतल्यापेक्षा उजवी. मी ठेवून घेतली. पण धंद्याची सवय. दुसऱ्याचा माल असा का जातो हे कळल्याशिवाय चैन पडेना. पार्सलच्या आत नंबर होता, त्यावर फोन लावला.

"फोटोतली का नाही पाठवलीत?"

पलीकडची बाई म्हणाली, "ही आवडली न्हाई का ताई?"

"आवडली."

"मंग?"

या 'मंग?'वर मला काही सुचलं नाही. तिचं नाव रेणुका. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर राहते, तिथल्या बायकांनी भरलेल्या पिशव्या ती मोबाइलवर विकते. मला दुकानासाठी अशा बऱ्याच पिशव्या हव्या होत्या. पण माल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी भरत नाही, आणि जिथे लाल दाखवून निळी येते तिथे तर नाहीच नाही. संक्रांत झाली, दुकानात गर्दी कमी झाली, तशी निघाले.

वारंगा फाटा

नांदेडहून हिंगोलीकडे जाणारी एसटी वारंगा फाट्यावर थांबते तेव्हा उतरून खिचडी खायची, असं बसमधल्या निम्म्या लोकांनी मला न विचारता सांगितलं. खाल्ली. पिवळीधमक, वर तळलेली मिरची. आमच्याकडे खिचडी म्हणजे आजाऱ्याचं किंवा कंटाळा आलेल्या बाईचं जेवण. इथे लोक त्यासाठी गाडी थांबवतात.

खिचडीवाल्याचे दोन्ही हात कढईत होते. गिऱ्हाईक पैसे द्यायला बाहेर चिकटवलेल्या क्यूआरच्या चौकोनावर मोबाइल धरायचं, बोलका डबा जमा झालेला आकडा ओरडून सांगायचा, आणि हा मान वर न करता "हं, जाऊ द्या" म्हणायचा.

"तुम्ही बघतसुद्धा नाही कोण आहे ते," मी म्हटलं.

"पहिले बघत होतो बाई. आता कान ठेवतो. तोंड बघून वळखायची लोकं, ते वळखनं कमीच झालं." मग माझ्याकडे मात्र बघून, "कुठल्या?"

"कराड."

"म्हंजे ऊस! आमच्या इकडले लई लोकं सध्या तुमच्याच इकडं असतेत."

होय, असतात. दर हिवाळ्यात कराडच्या बाहेर उसाच्या फडाशेजारी पालं पडतात. ती माणसं कुठून येतात हे मला ढोबळ माहीत होतं. ती जिथून येतात तिथे मात्र मी कधी गेले नव्हते.

सेनगावची जीप

हिंगोलीत लॉजवर मुक्काम केला. पाणी गरम होतं, एवढं पुरे. सकाळी सेनगावच्या जीपमध्ये बसले. जीपला ठरलेली वेळ नाही, पण पूर्वीसारखं फाट्यावर ताटकळणंही नाही. ड्रायव्हर निघण्याआधी रिकाम्या सीटचा फोटो मोबाइलवरच्या गटावर टाकतो. वाटेवरच्या गावांतली माणसं तो बघून रस्त्यावर येतात. त्याने टाकलेल्या फोटोत माझा उजवा हात आणि चष्म्याची डबी आली होती. पुढच्या फाट्यावर चढलेल्या म्हातारीने ती डबी बघून ओळखलं, "हीच ती जीप."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर वाळत आली होती, मधे हरभऱ्याचा हिरवा तुकडा. माझ्यासमोरचे दोघे मोबाइलमध्ये तुरीचा भाव बघत होते.

"वाशिमला जास्त दाखवून राहिला."

"दाखवू दे. आपली तूर तिथं जाईस्तोवर तो खाली बसते."

"मंग बघतो काहून?"

"तू बघू लागला म्हून मी बघून राहिलो."

सेनगावात रेणुका मला रहीमचाचांच्या दुकानात भेटणार होती. हे चाचा आरसे, लोकरी गोंडे, कवड्या, दोरे विकतात, त्यांच्या वडिलांपासून. म्हणजे माझ्याच धंद्यातले. आता त्यांच्या दुकानाच्या कोपऱ्यात पार्सलांचा ढीग असतो. पार्सल उचलणारी गाडी तांड्यावर जात नाही, म्हणून तांड्यावरचा माल इथे येतो आणि इथून सुटतो.

चाचांनी दोन आरसे माझ्या तळहातावर ठेवले. "सांगा, काचेचा कोनता?"

बोटाला लगेच कळलं. एक गार होता, दुसरा नव्हता.

"बराबर. आता फोटो काढा दोघांचा." काढला. फोटोत दोन्ही सारखेच. "हीच तकलीफ हाय. प्लास्टिकचा, मशीनवर भरलेला माल फोटोत असाच दिसते. अन् या पोरी काच लावून बसल्या."

"मी पोरगी न्हाई चाचा, दोन लेकरांची माय हाय," मागून आवाज आला. ही रेणुका. तिशीची, सडसडीत, खांद्याला रेक्झिनची काळी बॅग. बंजारा पिशवी नव्हे. मी तिकडे बघितलेलं तिने बघितलं. "ती कामाची हाय ताई. भरलेल्या पिशवीत मोबाइल ठेवला तं आरशानं स्क्रीनला चरे पडतेत."

तांडा

गोरेगावच्या रस्त्याने थोडं जाऊन जीप सोडली आणि आत चालत गेलो. माझी एक समजूत तिथे पोचताच गेली: तांड्यावरच्या सगळ्या बायका आरशांच्या घागऱ्यात असतील. सगळ्या नायलॉनच्या साड्यांत होत्या. जुना पेहराव लग्नाकार्याला, आणि मोबाइलच्या फोटोला.

दुसरी गोष्ट शांतता. घरामागून घर बंद. दाराला कडी, काहींच्या उंबऱ्यावर शेळ्या शिरू नयेत म्हणून काटेरी फांदी आडवी टाकलेली. "सगळे कुठे गेले?" मी विचारलं खरं, पण विचारता विचारताच उत्तर कळलं होतं.

"तुमच्याकडं," रेणुका म्हणाली. "आमी बी तिकडंच होतो, तीन सालाखालपर्यंत. कराडच्या पल्याड, नदीच्या कडंला. लई थंडी राहते बाई तुमच्याकडं." तिने कारखान्याचं नाव सांगितलं. माझ्या दुकानातून रिक्षाने जाता येईल एवढा जवळ. "ऊस तोडाया कोयता म्हंजे नवराबायकोची जोडी. बाई घरी राहिली तं गड्याला बी राहावं लागते. आता ज्या घरात बाई पिशव्या भरते ते घर उघडं हाय. बघा तुमी."

बघितलं. मधे मधे एखाद्या घरातून धूर येत होता, दारात लेकरांची दप्तरं-चपला. तेवढीच घरं. मोबाइलवरच्या दुकानाने तांड्यात काय फरक केला हे कोणाला विचारायची गरज नव्हती. धूर मोजला की झालं.

"अन् ते बी यंदाचंच," रेणुका म्हणाली आणि तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. दुकानाच्या नावाच्या वर लाल पट्टी होती. वस्तू फोटोशी जुळत नसल्याने मोठ्या प्रमाणात परत येत आहेत, असंच चालू राहिल्यास हे दुकान बंद करण्यात येईल, असा त्याचा अर्थ.

"कोणाशी बोललीस?"

"तिथं मानूसच न्हाई ताई. मशीन बोलते. मी म्हनलं आमचा माल खराब न्हाई. ते म्हनते, तुमची अडचण समजली. मी म्हनलं मंग दुकान राहू द्या. ते म्हनते, आपला दिवस चांगला जावो. राग बी येऊ देत न्हाई, इतकं गोड बोलते." मोबाइल खाली ठेवून ती म्हणाली, "दुकान गेलं तं दसरा झाला की आमी तुमच्या दारात."

वानगी

रेणुकाची सासू थावरीबाई. तांड्यावरच्या सगळ्या बायका तिला याडी म्हणतात, याडी म्हणजे आई. ओसरीत ऊन पडेल तिथे ती सुई घेऊन बसलेली असते आणि ऊन सरकलं की तीही सरकते. तिने मला बसायला पोतं दिलं, चहा दिला (आमच्या चहाच्या दुप्पट गोड), आणि मी कामाचं बोलायच्या आत सांगितलं, "आधी बाटी खा." बाटी म्हणजे यांची ज्वारीची भाकरी. आमच्यापेक्षा जाड, चुलीत उभी करून भाजलेली. सोबत हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ठेचा. ठेच्याबद्दल आम्हाला फार अभिमान असतो. तो इथे जरा कमी झाला.

जेवताना भिंतीकडे लक्ष गेलं. खुंटीवर लाल पिशवी, काठाला कवड्या. फोटोतलीच.

"ही अजून इथेच?"

"ती वानगी हाय," थावरीबाई म्हणाली.

"मी हीच मागवली होती."

"वानगी कुनी इकते का?"

तिला मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखं वाटलं होतं, म्हणून तिने हातातली सुई ठेवून मला समजावलं. हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत ती कित्येक वर्षं माल मांडत होती. "एक पिशवी वर टांगावी लागते. येनारी-जानारी समदी हात लावते. वढते, उलटी करते, नवऱ्याला दाखवते. सांजवर ती मळून जाते. अन् जिनं पैसे देले तिला का मळलेली द्याची? तिला गठुड्यातली कोरी द्याची. वानगीपेक्षा उजवी द्याची. तवा ती पुढल्या साली पुन्हा येते."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांना मुद्दाम वेगळी पाठवता?"

"येगळी न्हाई. चांगली."

मग सगळं एकदम लक्षात आलं. लाल टांगायची, आणि मागणीमागून मागणी निळी, हिरवी, काळी, जी नवी आणि जास्त भरलेली असेल ती पाठवायची. ज्या गिऱ्हाइकाला मान द्यायचा त्याला असंच देतात. कोणाच्या मनात फसवायचं नव्हतं. उलट प्रत्येक पार्सलमध्ये ठरल्यापेक्षा जास्त काम जात होतं. आणि नागपूरची किंवा सुरतेची बाई लाल साडीवर लाल पिशवी हवी म्हणून बसलेली. तिच्या हातात निळी. ती परत पाठवणारच. मला लालच हवी असती तर मीसुद्धा पाठवली असती.

"याडी, फोटोला कोणी हात लावत नाही. तो मळत नाही," मी म्हटलं.

"नजर लावते का न्हाई? रेणुका म्हनते हजार लोकं बघून राहिले. हजार लोकाईनं बघितलेली उष्टी पिशवी द्याची?"

रेणुका हसली. "मी तं सांगून थकले. मला म्हनते, तू शिकली म्हून मळकं इकते का?"

मी सरळ सांगितलं. बाजारात गिऱ्हाईक तुमचं तोंड बघतं, तुमचा शब्द धरतं, पिशवी शेवटी. मोबाइलवर तुमचं तोंड नाही. तिथे फोटो हाच तुमचा शब्द. लाल दाखवून निळी दिली की शब्द मोडला, मग निळी सोन्याची का असेना. माझ्या दुकानात तरी काय होतं? पूर्वी बायका विचारायच्या, "या साडीला कोणती लेस शोभेल?" आता मोबाइल पुढे करतात, "अशीच द्या." माझ्याकडे त्याहून चांगली असली तरी ती बाहेर काढायची सोय राहिलेली नाही.

थावरीबाई ऐकत होती. मग म्हणाली, "फोटोवर इतका भरोसा हाय, तं तू कराडाहून काहून आली?"

"माल बघायला."

"मंग?"

सून तशी सासू. पण या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "मी येऊ शकले, याडी. बाकीच्या येणार नाहीत. त्यांना फोटोच बघावा लागणार. आणि त्या नाराज झाल्या तर हे घरसुद्धा बंद होईल."

 थावरीबाई समोरच्या बंद घराकडे बघत होती. तिच्या धाकट्या मुलाचं घर, हे मला रेणुकाने नंतर सांगितलं. ऊन सरकलं, तशी ती सरकली. "बरं," म्हणाली. "काढा फोटो. जी काढाल तीच जाईल. पन मी हात लावल्याबिगर न्हाई जाऊ देनार."

"फोटो काढल्यावर टाका घालायचा नाही."

"बरं," ती पुन्हा म्हणाली. हे दुसरं 'बरं' मला फारसं आवडलं नव्हतं.

दुसरा दिवस

रात्री रेणुकाकडेच राहिले. सकाळी रेणुका, मी आणि आणखी चारपाच जणी तयार पिशव्यांचे गठ्ठे घेऊन पाण्याच्या टाकीशी गेलो. तांड्यावर नीट रेंज तिथेच लागते, आणि टाकीला नुकताच चुना दिलेला असल्याने मागे पांढरी भिंतही मिळाली. ठरलं असं: प्रत्येक पिशवीचा वेगळा फोटो, एक फोटो एकच पिशवी, ती गेली की फोटो उतरवायचा. काम वाढणार होतं. रेणुकाने तोंड वाकडं केलं, पण लगेच एका बाईला धरायला आणि एकीला क्रम सांभाळायला बसवलं. तिला सांगावं लागत नाही.

पहिले फोटो वाया गेले. उन्हात आरसे असे चमकले की पिशवीऐवजी नुसते पांढरे ठिपके आले. सावलीत सरकलो. मग एक हिरवी पिशवी छान आली, आम्ही सगळ्या मोबाइलवर वाकून बघत होतो, तेवढ्यात मागे शेळीने तिचा गोंडा चावून टाकला.

"झालं! फोटोत गोंडा हाय, पिशवीला न्हाई!"

"शेळीला बी पाठव सोबत, म्हनजे बराबर जुळंल!"

गोंडा नवा लावून पुन्हा फोटो काढला. बायका हसून हसून खाली बसल्या, आणि मला वाटतं 'फोटोप्रमाणे' म्हणजे काय ते माझ्या भाषणापेक्षा शेळीनेच जास्त नीट समजावलं.

दुपारी मी माल निवडला. टाके उलटसुलट बघितले, शिवण ओढून बघितली, दोन पिशव्यांचं अस्तर कच्चं होतं त्या बाजूला केल्या. बाकी पसंत. म्हटलं, गाठोडं बांधा, आत्ताच घेऊन जाते.

रेणुका म्हणाली, "ताई, एक सांगू? राग नका येऊ देऊ. हातानं घेतलं तं अ‍ॅपला काय कळणार? आमाला चांगला माल गेला, कुनी परत न्हाई केला, हे तिथं दिसाया पायजे. तुमी मोबाइलवरच घ्या ना. एकेक करून."

मी तिच्याकडे बघितलं. माल माझ्या मांडीवर, विकणारी माझ्यासमोर, आणि व्यवहार मात्र तिसऱ्याच कुठल्या शहरातल्या यंत्रासमोर करायचा, कारण साक्षीदार तेच. मूर्खपणा होता, पण तिचा हिशेब चूक नव्हता. टाकीला टेकून मी एकेक पिशवी मागवली. मी इकडे दाबायचे आणि हातभर अंतरावर तिचा मोबाइल वाजायचा. "आली बाई ऑर्डर, कराडहून," ती दरवेळी म्हणायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघताना थावरीबाईने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. तांड्यावरून पाहुणीला रिकामं पाठवणं तिला मुळीच मान्य नव्हतं. तिने हरभऱ्याचे डहाळे पदरात घातले, तेवढंच घेऊन निघाले.

परत

सेनगावात रहीमचाचांच्या बाकावर हिंगोलीच्या जीपची वाट बघत बसले. चाचा म्हणाले, "काय, माल पसंत न्हाई पडला?"

"पडला. मागवलाय."

"कशावर?"

"मोबाइलवर."

त्यांना ते समजून घ्यायला जरा वेळ लागला. मग ते मागे वळले आणि सकाळच्या जीपने आलेल्या पहिल्या गठ्ठ्यातलं एक पार्सल उचलून बघितलं. वर माझं नाव, माझ्या दुकानाचा पत्ता. "हे तं तुमचंच हाय!"

"द्या मग इकडे, एक तरी नेते."

"न्हाई जमत. मशीन लावून त्याची नोंद झाली. आता ते माझं बी न्हाई, तुमचं बी न्हाई." आणि त्यांनी ते पार्सल बाकावर माझ्या शेजारी ठेवलं. जीप येईपर्यंत आम्ही दोघं, मी आणि माझी पिशवी, शेजारी शेजारी बसून होतो. मग मी हिंगोलीला गेले आणि ती कुठल्या कुठे फिरून यायला निघाली.

घरी पोचून, डहाळे भाजून खाऊन, दुकानाची साफसफाई करून झाली, तेव्हा कुठे ती आली. मी फोटो उघडून शेजारी ठेवला आणि तपासली. हिरवी. गोंडा नवा. आरसे तितकेच, त्याच जागी. वरून एक टाका इकडचा तिकडे नाही. समाधान वाटलं.

मग सवयीने उलटी केली. आत, अस्तराच्या कोपऱ्यात, बोट घातल्याशिवाय लागू नये अशा जागी एक कवडी शिवलेली होती. लाल दोऱ्याने, बारीक टाक्याने. मागून आलेल्या प्रत्येक पिशवीत ती होती.

रेणुकाच्या दुकानावर लाल पट्टी अजून आहे. काही दिवस माल परत आला नाही तर ती काढतील, असं ते गोड बोलणारं यंत्र तिला म्हणालं. प्रत्येक पार्सल उघडलं की माझ्या मोबाइलवर प्रश्न येतो: वस्तू फोटोप्रमाणे आहे का?

फोटो बाहेरून काढला होता. मी 'हो' दाबलं, आणि पुढचं पार्सल उघडायला घेतलं.